बाग पाहायला पुढून यावं

“हात मागें!”

रविवारी चार वाजता आमच्या गल्लीत हा आवाज आला की समजायचं, बाग उघडली. ओट्यावर धोतर वर खोचून ते उभे असत, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच करायला लावत. कॉलेजचे प्राध्यापक असोत, बँकेतले लोक असोत, की राजवाडा पाहून घामाघूम झालेले परदेशी प्रवासी असोत. कडेवर मूल असलेल्या बाईला तेवढी एका हाताची सूट. मग ही सगळी मंडळी हात मागे बांधून, मान पुढे काढून, कालव्याची पाहणी करायला निघालेल्या साहेबांसारखी घरात शिरत. हसू नका. ते स्वतः जन्मभर कालव्यांची पाहणी करत आले होते, त्यामुळे डोळ्यांनी बघायचं आणि हातांनी गप्प राहायचं, ही त्यांची सभ्यतेची व्याख्या होती.

कालवा खात्याच्या ऑफिसात ते ओव्हरसियर होते आणि मी टायपिस्ट. पुढे माझं लग्न त्यांच्याच गल्लीत झालं, तेव्हा ऑफिस सुटलं तरी ते काही सुटले नाहीत. तंजावुरात आम्हा मराठी लोकांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात. असे रायर गावात पुष्कळ. पण रिक्षावाल्याला नुसतं ‘रायर तोट्टम’, म्हणजे रायरांची बाग, म्हटलं की तो राजवाड्याला वळसा घालून नेमका त्यांच्याच दारात आणून सोडी. मीही त्यांना इथे रायरच म्हणते. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. आमच्या गल्लीत मराठी बोलतात सगळे, वाचतात फार थोडे. मी मुलीपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला ही अक्षरं येतात. रायरांना येत नव्हती, त्यामुळे ते हे वाचून चुका काढतील अशी धास्ती मला नाही.

बाग सुरू झाली ती त्यांच्या बायकोमुळे. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि गावातल्या बायकांना त्या बघायला बोलावतात. त्या माउलीच्या बाहुल्या बघायला रांग लागत असे. ती गेली, मूलबाळ नव्हतं, बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. पहिल्या नवरात्रात घरात कोणी पाऊल टाकलं नाही. रायर ओट्यावर नऊ दिवस बसून राहिले आणि दहाव्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “घरांत येणंजाणं थांबलं तर घर मेलं. बाहुल्या नक्को, झाडं बघायला या.” तेव्हापासून दर रविवारी चार ते सहा बाग गावाला खुली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची घरं आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. पुढे ओटा, मग मोठी खोली, मग अंगण, मग स्वयंपाकघर, मग विहीर, आणि सगळ्यांत शेवटी परसबाग. म्हणजे बाग बघायची तर अख्खं घर ओलांडून, चुलीच्या दारावरून आणि विहिरीच्या काठावरून जायचं. बागेला मागचं दार होतं, पण ते उघडे मागच्या बोळात. तो बोळ कशासाठी असे, तिथून कोण येत असे आणि काय उचलून नेत असे, ते मी लिहीत नाही. तुम्हाला कळलं असेल. नव्वदनंतर घराघरात नवे संडास आले, भुयारी गटारं आली, तरी तो बोळ आणि ते दार तसंच हलकं राहिलं. रायरांचा कायदा होता, पाहुणा पुढच्या दारानं येतो आणि पुढच्याच दारानं जातो. गर्दी झाली तरी मागून कोणाला काढायचं नाही.

ह्या कायद्याचा सगळा त्रास त्यांच्या थोरल्या बहिणीला. अक्का बालविधवा, सोवळ्याओवळ्याची कडक, आणि वहिनी गेल्यावर भावाचं घर तिनंच सांभाळलेलं. रविवारी चार वाजले की ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेई आणि सहापर्यंत जप करी. मधेच आतून विचारी, “गेले कां अवघे?” रायर बाहेरून ओरडत, “आत्तां तर आले, अक्का!”

बाग होती केवढी? चार माणसं एका रांगेत झोपतील एवढी रुंद आणि तीस पावलं लांब. पण त्या तीस पावलांत रायर दोन तास लावत. मरवा, दवणा, तीन जातींचा मोगरा, पारिजातक, ईडलिंबू, विड्याचे वेल. एकदा एका बड्या साहेबांच्या बायकोनं न राहवून मोगऱ्याची कळी खुडली. रायर नम्रपणे तमिळमध्ये म्हणाले, “बाईसाहेब, उजव्या हाताला सांगा, जरा डाव्याकडून शीक म्हणून.” बाईंचा डावा हात अजून पाठीमागेच होता. त्या दर महिन्याला येऊ लागल्या.

सगळ्यांत शेवटी, मागच्या भिंतीला लागून हिरवा चाफा. तमिळमध्ये त्याला मनोरंजितम म्हणतात. फूल पानाच्याच रंगाचं, डोळ्याला सापडत नाही, वास मात्र भिंत ओलांडून जातो. आमच्याकडे समज असा की मनात ज्या फळाचा विचार कराल त्याचा वास त्या फुलाला येतो. रायर प्रत्येकाला त्या झाडाखाली उभं करत. “मनांत एक फळ धरा. मोठ्यानं सांगूं नक्को. आतां वास घ्या.” कोणाला फणस, कोणाला आंबा. बँकेच्या मॅनेजरांना काहीच वास येईना, तेव्हा रायर म्हणाले, “मनांत फळ धरा म्हटलं मी, ऑफिस नव्हे.” एका परदेशी म्हाताऱ्यानं डोळे मिटून वास घेतला आणि कुठल्याशा फळाचं नाव घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते फळ कुठलं, हे रायर महिनाभर दिसेल त्याला विचारत होते. मला अजून माहीत नाही.

मग केबल आलं. रविवारी चारला सिनेमा लागे आणि बागेची गर्दी निम्म्यावर आली. लोकांनी रायरांना सल्ले दिले. कोणी म्हणालं, कारंजं बसवा, कोणी म्हणालं, बंगळूरची हिरवळ आणा. रायर एवढंच विचारत, “टी.व्ही.ला वास येतो कां?” आणि आलेल्या सहा जणांना साठ जण असल्यासारखी बाग दाखवत. मी त्यांना कधी खचलेलं पाहिलं नाही. एकदाच पाहिलं, तेच सांगायला बसले आहे.

मागचा बोळ झाडायला नगरपालिकेची मुनियम्मा येई. वीस वर्षं तोच बोळ. तिच्या माणसांपैकी कोणी आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घरात पुढून पाऊल टाकलेलं नव्हतं. कोणी टाकू नका म्हणत नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. रायरांच्या मागच्या दाराशी ती झाडांच्या खतासाठी शेणाची पाटी ठेवी, रायर आतून ती उचलत. दोघांचं बोलणं दारातून, पाटीपुरतं.

त्या रविवारी बागेत आम्ही आठदहा जण होतो. मागच्या दारावर टकटक झाली. रायरांनी दार उघडलं. बाहेर मुनियम्मा. हातात झाडू नाही, पाटी नाही. धुतलेली तांबडी साडी, केसांत अबोलीचा गजरा. ती म्हणाली, “रायर, झाडायला नाही आले. बघायला आले.”

रायरांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि दार धाडकन लावून घेतलं.

आणि धोतर सावरत ते घरातून पुढे धावत सुटले. साठी उलटलेला माणूस, विहिरीच्या काठावर घसरता घसरता वाचला. मी मागोमाग गेले. ते ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यात उभे होते आणि गल्लीच्या टोकाकडे बघत होते. मला म्हणाले, “वळसा घालून यायला तिला पांच मिनिटं लागतील.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. “मामा, तुम्ही तिला पुढून या म्हणून सांगितलांत कां?”

“सांगायचं काय त्यांत? पाहुणा पुढूनच येतो. अवघ्या गांवाला माहीत अहे.”

अवघ्या गावाला माहीत होतं. तिच्या तोंडावर मात्र आजवर ज्या ज्या कोणी दार लावलं, ते एकाच कारणासाठी लावलं होतं. हे रायरांच्या ध्यानात यायला सहा वाजले. तोवर ते रस्त्यातच उभे राहिले. हात मागे नव्हते, नुसते बाजूला लोंबत होते. ती आली नाही.

सोमवारी बोळ झाडलेला होता, पण दाराशी पाटी नव्हती. मंगळवारीही नव्हती. रायर दार किलकिलं करून उभे राहत, ती मान वर न करता झाडू मारत पुढे निघून जाई. आणि इकडे गल्लीत रायरांचं कौतुक सुरू झालं! बरं केलंत, वेळेवर दार लावलंत, नाहीतर उद्या तिची सगळी वस्ती आली असती. ह्या कौतुकानं तो माणूस आजारी पडायचाच काय तो बाकी राहिला होता.

गुरुवारी ते माझ्या दारात आले. “ऐक गे. कुंकवाचा करंडा घे आणि माझ्याबरोबर चल.”

नवरात्रात बायकांना बोलवायचं तर सवाष्ण करंडा घेऊन त्यांच्या घरी जाते, कुंकू लावते आणि या म्हणून सांगते. ही आमची रीत. नुसतं तोंडी सांगणं म्हणजे बोलावणंच नव्हे. रायरांच्या घरात सवाष्ण नव्हती. अक्का जाऊ शकत नव्हती, आणि शकली असती तरी गेली नसती.

खरं सांगते, मला भीती वाटली. घरात सासूबाई. त्यांच्यासमोर करंडा उचलून कुठे जाते म्हणून सांगू? त्या कपाटाआडून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “जा. पण मला सांगून जाऊं नक्को.”

वस्ती जुन्या किल्ल्याच्या खंदकापलीकडे. मुनियम्मा दारात बसून मुलीची वेणी घालत होती, आत टी.व्ही. चालू होता. आम्हाला पाहून ती उठली नाही. शेजारपाजारच्या बायका मात्र एकेक करून बाहेर आल्या. जन्मभर मजुरांना मोठ्या आवाजात हुकूम सोडलेला हा माणूस इथे हळू आवाजात बोलला.

“दार लावलं ते चुकलं,” ते म्हणाले. “तुला पुढून आत घ्यावं म्हणून मी पुढे धावलो. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

मुनियम्मा वेणीचा पेड घालत म्हणाली, “वीस वर्षं ते दार मला बंदच आहे, रायर. त्या दिवशी त्याचा आवाज झाला, एवढंच.”

ह्यावर रायरांनी जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. दुसरा कोणी असता तर समजूत घालत बसला असता. त्यांनी फक्त हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. कालव्यावरच्या मोठ्या साहेबांसमोरसुद्धा मी त्यांचे हात जोडलेले पाहिले नव्हते.

मी करंडा पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आणि अक्का? चुलीच्या दारावरून जायचं ना?”

“अक्काला सांगितलंय.”

“काय म्हणाल्या?”

रायर घसा खाकरून म्हणाले, “पापनाशमला जाते म्हणाली. धाकट्या भावाच्या मुलाकडे.”

मुनियम्मा मोठ्यानं हसली. सगळ्या बायका हसल्या. “मग येते,” ती म्हणाली. “त्यांना आधी बस मिळू दे.” आणि तिनं करंड्यात बोट बुडवून स्वतःच्या हातानं कुंकू लावून घेतलं.

अक्का खरोखरच गेली. रविवारी सकाळी पिशवी घेऊन रिक्षात बसली. रायर रिक्षाजवळ उभे राहून म्हणाले, “अक्का, तूं माझी आई अहेस. पण बोलावणं दिलेलं अहे.” रिक्षा निघून गेल्यावर ते बराच वेळ तिथेच उभे होते. आईच्या जागी असलेलं माणूस घालवून त्यांनी ते बोलावणं पाळलं, हे विसरू नका. मी विसरलेले नाही.

चार वाजता गल्लीतले सगळे ओटे भरलेले होते. टी.व्ही.वर सिनेमा कोणता होता देव जाणे, त्या दिवशी कोणी बघितला नाही. मुनियम्मा आली ती रस्त्याच्या मधोमध, मुलीला बरोबर घेऊन, इकडेतिकडे न बघता. रायर पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. जिल्ह्याचे साहेब आले तेव्हाही ते ओट्यावरून उतरले नव्हते. “या,” ते म्हणाले. तिला ‘या’ म्हणाले, ‘ये’ नव्हे. मग सवयीनं तोंडातून गेलंच, “हात मागें!”

“माझे हात आज सुटीवर आहेत, रायर,” मुनियम्मा म्हणाली, आणि हात मोकळे सोडून आत शिरली. दोन्ही हातांची सूट रायरांनी तेवढी एकदाच दिली.

चुलीच्या बंद दारावरून ती पुढे गेली. विहिरीला वळसा घालताना तिनं पदर आवरून धरला. बागेत रायर प्रत्येक झाडाची माहिती सांगू लागले, तिनं ऐकून घेतली, पण तिचं लक्ष मागच्या भिंतीकडे होतं. हिरव्या चाफ्याखाली आल्यावर रायर म्हणाले, “आता मनात एक फळ धरा.”

“वास मला नका सांगू,” ती म्हणाली. “पहाटे बोळ झाडताना इथे आले की मी कंबर सरळ करून उभी राहते. वीस वर्षं हा वास घेते आहे. फूल दिसतं कसं, ते दाखवा.”

रायर पानं बाजूला करून शोधू लागले. तिनं त्यांच्या आधी शोधलं. पाकळ्यांचा हिरवा झुबका, बोटाच्या दोन पेरांएवढा. तिनं त्याला हात लावला नाही. खूप वेळ बघितलं, आणि म्हणाली, “एवढंच?”

रायर असे हसले की त्यांना ठसका लागला. मुलगी हसली, मी हसले. मुनियम्मा मात्र गंभीर होती. तिची खरंच निराशा झाली होती.

त्यानंतर चार घरांनी बागेत येणं सोडलं. रायर रोज ज्या देवळात फुलं पाठवत, तिथून निरोप आला की त्यांच्या घरची फुलं आता नकोत. रायर म्हणाले, “सेरि, ठीक अहे. झाडावर जास्त टिकतात.” पाटी पुन्हा यायला लागली, फक्त ती आता पुढच्या ओट्यावर येई, आणि रायर तिथून ती डोक्यावर घेऊन सबंध घर ओलांडून परसात नेत. वस्तीतले लोक रविवारी येऊ लागले. लग्न झालं की नवरानवरी फोटो काढायला येत, फोटोग्राफर बरोबर घेऊन. खंदकापलीकडच्या कितीतरी अल्बममध्ये आमच्या रायरांचा पारिजातक आहे, आणि कोपऱ्यात अर्धे रायर, हात मागे बांधलेले.

अक्का तीन आठवड्यांनी परत आली. “तेथें काफी म्हणून देतात तें पाणी अहे,” एवढंच कारण सांगितलं. सगळं घर धुऊन काढलं. पुढे वर्षानुवर्षं दर रविवारी ती चुलीचं दार पूर्वीपेक्षा जोरात लावी. ती बदलली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल.

रायर गेले ते भर उन्हाळ्यात. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. क्रियाकर्म पापनाशमच्या त्या पुतण्यानं केलं. तो रोज सकाळी नदीवर जाई. घराला सुतक, अक्कालाही सुतक. दहा दिवस त्या घराला शिवायचं नाही, तिथलं पाणी घ्यायचं नाही. गल्लीतले लोक पायरीशी उभे राहून दोन शब्द बोलत आणि घरी जाऊन अंघोळ करत. मीही तेच केलं. लाज वाटते, पण केलं.

सातवा दिवस रविवार होता. उन्हानं बाग करपत चालली असणार, हे मला घरात बसून कळत होतं. चारच्या सुमाराला मुनियम्मा गल्लीतून येताना दिसली. एकटी. ती ओटा चढून सरळ आत गेली. तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही, मीही उठून तिच्या मागे गेले.

ती विहिरीवर उभी होती. त्या विहिरीला तिनं कधी हात लावलेला नव्हता, आणि रायरांनीही तिला तिथलं पाणी काढ म्हणून कधी सांगितलेलं नव्हतं. तिनं पोहरा आत सोडला. रहाट करकरला, आणि त्या आवाजानं स्वयंपाकघराचं दार उघडलं. अक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, सात दिवसांत आणखी लहान झालेली. मुनियम्मानं वळून तिच्याकडे पाहिलं, पण दोर ओढायची थांबली नाही. पोहरा वर आला. तिनं तो बागेत नेऊन पहिल्या वाफ्यात ओतला, परत आली, पुन्हा आत सोडला.

अक्का किती वेळ बघत होती कोण जाणे. मुनियम्माशी ती जन्मात कधी एक शब्द बोललेली नव्हती. तिसऱ्या पोहऱ्याला ती तमिळमध्ये म्हणाली, “अलीकडे उभी राहा. तिथे शेवाळ आहे.”

मुनियम्मानं पाय अलीकडे घेतला आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.